लेबलवरचा कॉस्टिक आणि त्वचेचा पीएच : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात क्रीम-शाम्पूच्या बाटलीमागची बारीक अक्षरातली यादी कशी वाचायची यावर लिहिलं होतं. त्यावर जे प्रश्न आलेत ते बहुतेक फिरून एकाच गोष्टीवर येतायत, पीएच, म्हणजे एखादी गोष्ट किती आम्ल (आंबट) की त्याच्या उलट अल्कली हे सांगणारा आकडा, ७ म्हणजे मधोमध (न्यूट्रल), त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. कुणाला यादीत सोडियम हायड्रॉक्साईड दिसलं म्हणून धसका बसलाय, कुणी घरी क्रीम बनवतंय आणि त्याला बुरशी धरतेय, कुणाला वडिलांचा साबण बदलायचाय. म्हणून या वेळचं सगळं सदर पीएच आणि तो जागेवर आणणाऱ्या घटकांवरच. मी फॉर्म्युलेशनच्या लॅबमध्ये काम करते, हे घटक रोज हाताखालून जातात, आणि त्यांच्याबद्दल जी भीती पसरलीय ती बघून खरंच वाईट वाटतं, कारण जिथे जपायला हवं तिथे लोक बिनधास्त असतात आणि नको तिथे घाबरतात.

प्रश्न : ताई, माझी मुलगी जे मॉइश्चरायझर लावते त्याच्या मागे सोडियम हायड्रॉक्साईड लिहिलंय. नेटवर बघितलं तर हा कॉस्टिक सोडा, आम्ही मोरी तुंबली की टाकतो तोच! मी ट्यूब उचलून कचऱ्यात टाकली. मुलगी चिडलीय, म्हणते काही होत नाही. कोण बरोबर? (एक आई, सातारा)

मुलगी बरोबर आहे, पण तुम्ही लेबल वाचलंत हे फार चांगलं केलंत, ती सवय सोडू नका. आणि हो, तो कॉस्टिक सोडाच आहे, वेगळा काही नाही. फरक इतकाच की ट्यूबमध्ये तो कॉस्टिक म्हणून शिल्लक राहिलेला नसतो.

लॅबमध्ये काय होतं ते सांगते म्हणजे पटेल. कार्बोमर नावाची एक पांढरी, एकदम हलकी पावडर असते, डबा उघडला की उडून नाकात जाते. ती पाण्यात भिजवली की पाणी नुसतं गढूळ होतं, दाटपणा फारसा येत नाही, आणि त्याचा पीएच तीनच्या आसपास असतो म्हणजे चांगलंच आंबट. आता त्यात कॉस्टिकचं पातळ द्रावण थेंब थेंब सोडायचं आणि ढवळत राहायचं. आधी काहीच होत नाही, मग पीएच पाचच्या पुढे सरकायला लागला की बघता बघता ते गढूळ पाणी स्वच्छ, काचेसारखं होतं आणि इतकं दाट होतं की बीकर तिरका केला तरी हलत नाही. कार्बोमरच्या लांब साखळ्या आधी गुंडाळी करून बसलेल्या असतात, अल्कली मिळाली की त्यांच्यावर सारखाच विद्युतभार येतो, त्या एकमेकींना दूर ढकलतात, उलगडतात आणि पाणी धरून ठेवतात. तुमच्या मुलीच्या मॉइश्चरायझरचा जो गारेगार जेलसारखा पोत असेल तो बहुतेक यातूनच आलाय, यादी परत बघा, सोडियम हायड्रॉक्साईडच्या आसपास कार्बोमर लिहिलेलं सापडायची बरीच शक्यता आहे. अर्धा टक्का कार्बोमर असेल तर साधारण ०.२ टक्के कॉस्टिक लागतो, म्हणजे ५० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये ०.१ ग्रॅम, आणि तोही कार्बोमरमधल्या आम्लाने खाऊन टाकलेला.

दुसरं काम म्हणजे आम्ल मवाळ करणं. क्रीममध्ये लॅक्टिक ॲसिड घातलं तर नुसतं ते फार आंबट होतं, म्हणून थोडा कॉस्टिक घालतात. ४० ग्रॅम कॉस्टिक ९० ग्रॅम लॅक्टिक ॲसिडला पुरा पडतो आणि तयार होतं पाणी आणि सोडियम लॅक्टेट, आणि लॅक्टेट तर आपल्या त्वचेत मुळातच असतं, ओलावा धरून ठेवायचं काम करत असतं. विड्याच्या पानाला लावलेल्या चुन्यासारखं आहे हे, चुना नुसता जिभेवर ठेवला तर तोंड भाजेल पण पानात बेताने लावला की काही होत नाही, सगळा खेळ प्रमाणाचा आणि तो कशात मिसळलाय याचा.

म्हणून नियमसुद्धा शेवटचा पीएच बघतात. युरोपियन युनियनच्या कॉस्मेटिक्सच्या कायद्यात सोडियम हायड्रॉक्साईड पीएच जुळवायला वापरायला परवानगी आहे, अट अशी की तयार प्रॉडक्टचा पीएच ११ च्या खाली राहिला पाहिजे, आणि चेहऱ्याची क्रीम तर त्याच्या कितीतरी खाली, साधारण ५ ते ७ मध्ये असते. तोच कॉस्टिक केस सरळ करायच्या रिलॅक्सरमध्ये असतो तेव्हा मात्र तो खराखुरा कॉस्टिक असतो, तिथे घरगुती वापराला २ टक्के आणि पार्लरमधल्या व्यावसायिक वापराला साडेचार टक्के अशी कमाल मर्यादा युरोपात आहे, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. केस काढायच्या क्रीमचंही तसंच, तिचा पीएच बाराच्या आसपास असतो कारण केसाचं केराटिन विरघळवायला तेवढी अल्कली लागतेच. आता सांगा, किती घरांत ती क्रीम पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवली जाते, "केस जाड आहेत म्हणून", आणि मग कातडी लाल झाली की दोष क्रीमला. तिथे घड्याळ लावून बसा. मुलीला नवी ट्यूब आणून द्या.

एक राहिलं. आपल्याकडच्या लेबलच्या नियमानुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, एक टक्का किंवा त्याहून कमीवाले त्यानंतर कसेही लिहिता येतात, त्यामुळे शेवटच्या रांगेतला क्रम बघून "हे जास्त, ते कमी" असा हिशोब करू नका.

प्रश्न : दुकानदार म्हणाला हे खोबरेल तेल पीएच बॅलन्स्ड आहे, म्हणून ४० रुपये जास्त. घ्यावं का? (एक वाचक, चिपळूण)

नको. पीएच पाण्यात असतो, पाण्यातल्या हायड्रोजन आयनांवरून ठरतो. निव्वळ तेल, तूप, व्हॅसलिन, लिपस्टिक, बाम यात पाणीच नाही तर बॅलन्स कशाचा करणार? कोकणात राहून घाण्याचं ताजं तेल मिळत असताना तर अजिबातच नको.

प्रश्न : मॅम मी सेकंड इयरला आहे, स्किन खूप ऑइली आहे. रील्समध्ये बघून लिंबू आणि खाण्याचा सोडा मिक्स करून लावते, आधी छान वाटायचं आता गालावर तपकिरी डाग आलेत आणि आग होते. पण फेसवॉशवर पण सायट्रिक ॲसिड लिहिलेलं असतंच ना, मग लिंबू का चालत नाही? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

अगं आधी ते आजपासून बंद कर. आणि डाग वाढतायत, आग थांबत नाही असं असेल तर स्किनच्या डॉक्टरांना दाखव, घरच्या घरी आणखी काही लावून बघू नकोस.

आता तुझा प्रश्न, जो खरंच चांगला आहे. फेसवॉशमध्ये सायट्रिक ॲसिड असतं ते पीएच साडेपाचच्या आसपास आणण्यासाठी, चिमूटभर, आणि तेही बाकीच्या घटकांची अल्कली मारण्यात खर्च होऊन जातं. लिंबाचा रस म्हणजे पीएच २ ते अडीच. त्वचा पाचच्या आसपास. आकड्यात फरक अडीच-तीनचा दिसतो पण पीएचची मोजपट्टी दहाच्या पटीने चालते, एक अंक खाली म्हणजे आम्लपणा दहापट, दोन अंक म्हणजे शंभरपट, तीन म्हणजे हजारपट. तू चेहऱ्याला जे लावतेयस ते त्वचेपेक्षा शेकडो पटींनी आंबट आहे, आणि लिंबू प्रत्येक वेगळं, कुठलं किती आंबट याला काही माप नाही.

डागांचं कारण पीएचपेक्षाही वेगळं असू शकतं. लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात, ती त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखं होतं, कधी फोड येतात आणि मागे तपकिरी डाग राहतात. हे डाग जायला आठवडे, कधी महिने लागतात. लिंबू लावून कॉलेजला उन्हातून जात असशील तर हेच झालं असण्याची शक्यता मोठी आहे. बाटलीतल्या शुद्ध सायट्रिक ॲसिडमध्ये ही द्रव्यं नसतात.

आणि सोडा? त्याचा पीएच ८.३ च्या आसपास. लिंबात टाकला की फसफसतो, तो कार्बन डायऑक्साईड उडून जातो, उरतं काय तर सोडियम सायट्रेटचं पाणी आणि दोन्हीपैकी जे जास्त पडलं असेल ते. म्हणजे एक दिवस चेहऱ्यावर आम्ल जास्त, दुसऱ्या दिवशी अल्कली जास्त. "छान वाटायचं" ते तेल निघून गेल्यामुळे ताणल्यासारखं वाटायचं, तो स्वच्छपणा नव्हे. साधा पीएच ५.५ च्या आसपासचा फेसवॉश दोन वेळा, हलकं जेल मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन, एवढं कर आणि चेहऱ्याला थोडे दिवस शांत राहू दे.

प्रश्न : आम्ही बचत गटातल्या बायका कोरफडीची क्रीम आणि टाचांची क्रीम बनवतो, जत्रेत विकतो. क्रीम टिकावी म्हणून सोडियम बेंझोएट हे प्रिझर्वेटिव्ह बरोबर मापाने घालतो तरी कोरफडीच्या क्रीमला महिन्याभरात काळी बुरशी येते. टाचांच्या क्रीममध्ये युरिया आहे, तिला काही दिवसांनी अमोनियासारखा वास मारतो. कुठे चुकतंय? (बचत गट, कोल्हापूर जिल्हा)

ताई, तुमचं पत्र वाचून मनापासून बरं वाटलं कारण तुम्ही लपवलं नाहीत, विचारलंत. दोन्ही क्रीमचा आजार एकच आहे, पीएच.

सोडियम बेंझोएट स्वतः बुरशी मारत नाही. ते पाण्यात गेल्यावर त्यातलं काही बेंझोइक ॲसिडच्या रूपात असतं आणि हे ॲसिडचं रूपच बुरशीच्या पेशीत शिरू शकतं. किती भाग त्या रूपात असेल ते सर्वस्वी पीएचवर. पीएच ४.२ असेल तर निम्मं, ५.२ असेल तर जेमतेम ९ टक्के, ६.२ असेल तर एकच टक्का. शिवाय बेंझोएट घातलं की पीएच किंचित वर जातो, तुमची क्रीम सहा-साडेसहावर असणार हे मी न बघता सांगू शकते, म्हणजे तुम्ही शंभर माप घालताय आणि कामाला येतंय एखादं. जास्त बेंझोएट घालणं हा उपाय नाही, पीएच खाली आणणं हा उपाय आहे. पोटॅशियम सॉर्बेट वापरलंत तरी हेच, ते पीएच ४.८ च्या आसपास निम्मं ॲसिडच्या रूपात असतं म्हणून ते थोडं सोपं जातं इतकंच.

कसं करायचं. सायट्रिक ॲसिड पावडर कधीही थेट क्रीममध्ये टाकायची नाही, १० ग्रॅम पावडर ९० ग्रॅम डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून ठेवायची. क्रीम पूर्ण बनली, थंड झाली, प्रिझर्वेटिव्ह घालून झालं की मग शेवटी हे पाणी थोडं थोडं घालून, नीट ढवळून, प्रत्येक वेळी मोजून पीएच ४.८-५ पर्यंत आणायचा. घाईत जास्त पडलं तर परत वर आणायला अल्कली घालावी लागते आणि मग आम्ल-अल्कलीतून बनणाऱ्या मिठाचं प्रमाण वाढून क्रीम फाटू शकते, म्हणून हात आखडता ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, कारण ताज्या क्रीमचा पीएच रात्रीतून सरकतो. आठवड्याने अजून एकदा.

इथे एक गोम आहे. तुम्ही दाटपणासाठी कार्बोमर वापरत असाल तर पीएच पाचच्या खाली आणला की जेल पातळ होईल, शिवाय कोरफडीच्या रसातल्या क्षारांनीही कार्बोमर पातळ पडतो. तेव्हा तिथे झँथन गम घ्या, त्याला आंबटपणाचं काही वाटत नाही. आणि घरच्या कोरफडीचा ताजा गर म्हणजे जंतूंचं जेवण, कितीही पीएच जुळवलात तरी एकट्या बेंझोएटवर तो टिकवणं अवघड, फिनॉक्सिइथेनॉलसारखं पीएचवर फारसं न अवलंबणारं प्रिझर्वेटिव्ह जोडीला लागेल.

टाचांच्या क्रीमचं असं की युरिया पाण्यात हळूहळू तुटत राहतो, त्यातून अमोनिया सुटतो, अमोनिया म्हणजे अल्कली, म्हणून पीएच वर चढतो, आणि तो वास. नुसतं सायट्रिक ॲसिड घालून एकदा खाली आणलात तरी परत चढणार. तिथे लागतो बफर, म्हणजे लॅक्टिक ॲसिड आणि सोडियम लॅक्टेटची जोडी, ही जोडी येणारा अमोनिया गिळत राहते आणि पीएच जागचा हलू देत नाही. क्रीम ४० डिग्रीच्या खाली आल्यावरच युरिया घाला, गरम असताना घातलात तर तुटणं लगेच सुरू होतं.

आता जे सांगते ते थोडं कडू लागेल. विकायची क्रीम असेल तर कॉस्मेटिक्स रूल्स २०२० खाली उत्पादनाचं लायसन्स लागतं, महाराष्ट्रात एफडीए (अन्न व औषध प्रशासन) देतं, आणि प्रत्येक बॅचची जंतूंची तपासणी करून घ्यायला हवी. काळी बुरशी दिसते ती शेवटी, त्याच्या कितीतरी आधीपासून न दिसणारे जंतू क्रीममध्ये असतात, आणि भेगा पडलेल्या टाचेला, त्यातही डायबेटिसवाल्या माणसाच्या टाचेला ती क्रीम लागली तर प्रकरण गंभीर होऊ शकतं. आत्ता हातात असलेला माल विकू नका. लायसन्स असलेल्या एखाद्या छोट्या युनिटकडून तुमच्या फॉर्म्युल्याने बनवून घेता येतं का तेही बघा, बरेच गट तसं करू शकतात.

प्रश्न : बाबा ७४ वर्षांचे आहेत, हिवाळ्यात पाय आणि पाठ खाजवून खाजवून रक्त काढतात. आम्ही ७६ टक्के टीएफएमचा ग्रेड १ साबण वापरतो म्हणजे चांगलाच ना? ५.५ पीएचवाला घ्यायला सांगतात तो महाग आहे, खरंच फरक पडतो का? (एक वाचक, अहिल्यानगर)

फरक पडतो, आणि बाबांच्या वयात तर नक्कीच. टीएफएम म्हणजे साबणात फॅटी मॅटर किती, भेसळ-भर किती कमी, ते चांगलंच, पण त्यावरून पीएच कळत नाही. ७६ टक्केवाल्या साबणाचाही पीएच ९ ते १० असतो, ६० टक्केवाल्याचाही.

"मग कंपन्या साबणात ॲसिड घालून पीएच खाली का आणत नाहीत?" असं तुम्ही पुढे विचारलंयत. आणताच येत नाही. साबण म्हणजे तेलातल्या फॅटी ॲसिडचं सोडियमशी झालेलं मीठ, ते अल्कलीतच टिकतं. ॲसिड घालून साडेपाचवर न्यायला गेलात तर फॅटी ॲसिड सुटून वेगळं होतं, फेस जातो, साबणच राहत नाही. म्हणून ज्या वडीवर ५.५ लिहिलेलं असतं ती साबण नसतेच, ती सिंडेट (सिंथेटिक डिटर्जंट) बार, मागे सोडियम कोकोइल आयसेथिओनेट असं नाव दिसेल. अशा बारमध्ये मात्र सायट्रिक किंवा लॅक्टिक ॲसिड घालून पीएच हवा तिथे बसवता येतो.

त्वचेचा वरचा थर आंबट असतो हे काही आजचं नाही, १९२८ मध्ये शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी त्याला आम्लाचं संरक्षक कवच असं नाव दिलं. त्या आंबटपणाची दोन मोठी कामं. त्वचेतली सिरॅमाइड नावाची चरबी, जी विटांमधल्या सिमेंटसारखी पेशींच्या मधे बसते, ती तयार करणारी एन्झाइम्स पाचच्या आसपास नीट चालतात. आणि पेशींना एकमेकींपासून सोडवणारी दुसरी एन्झाइम्स आहेत ती पीएच सातकडे गेला की जोरात येतात. म्हणजे पीएच वर गेला की बांधकाम मंदावतं आणि पाडकाम वाढतं, मग कोंड्यासारखं कातडं सुटतं, कोरडेपणा, खाज. शिवाय स्टॅफिलोकोकस ऑरियससारख्या जंतूंना न्यूट्रलकडची त्वचा जास्त मानवते आणि खाजवलेल्या जखमेतून तेच आत जातात. तरुण माणसाची त्वचा साबणानंतर काही तासांत आपला पीएच परत खाली आणते, वय झालं की मुळात पीएच थोडा वर असतो आणि परत यायला वेळही जास्त लागतो. (नवजात बाळांचंही असंच, जन्मतः त्यांची त्वचा जवळपास न्यूट्रल असते, पहिल्या काही आठवड्यांत ती आंबट होते, म्हणून बाळाला साबण आणि डाळीच्या पिठाने खसाखसा चोळणं थांबवा हो.)

खर्चाचं म्हणाल तर सगळ्या अंगाला बार लावायची गरजच नाही. काखा, जांघा, पाय एवढ्यालाच, बाकी अंगाला नुसतं कोमट पाणी, कढत अजिबात नको. एक वडी बरेच दिवस जाईल. अंग टिपून ओलसर असतानाच साधं जाडसर मॉइश्चरायझर किंवा व्हॅसलिन. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा पांढरा चिकट थर अंगावर राहतो तोही सिंडेटने बनत नाही, नगर जिल्ह्यात हा फायदा छोटा नाही. आणि पंधरा दिवसांत खाज कमी झाली नाही तर डॉक्टरांकडे जाऊन शुगर, किडनी, थायरॉइड बघून घ्या, म्हाताऱ्या माणसाची अंगभर खाज नेहमी कोरडेपणाचीच असते असं नाही.

प्रश्न : मी दुबईत असतो. एका ब्रँडचं १० टक्के ग्लायकोलिक वापरतो, मित्राचं पण १० टक्केच, पण त्याचं लावलं की जाम चुरचुरतं. टक्केवारी सेम तर असं का? आणि व्हिटॅमिन सीच्या सीरमनंतर अर्धा तास थांबावं लागतं का? (एक वाचक, दुबई)

टक्केवारी अर्धीच गोष्ट सांगते. ग्लायकोलिक ॲसिड त्वचेवरचा मेलेला थर सोडवतं, त्याचं काम करणारं रूप म्हणजे मोकळं ॲसिड, आणि पीएच ३.८ च्या आसपास बरोबर निम्मं मोकळं असतं. तिथे तुमचं १० टक्के म्हणजे कामाचं ५ टक्के. पीएच ४.८ वर असेल तर एक टक्क्याच्याही आत. मित्राच्या बाटलीत सोडियम हायड्रॉक्साईड कमी घातलं असणार. अमेरिकेतल्या सीआयआर (कॉस्मेटिक इन्ग्रेडिएंट रिव्ह्यू) या तज्ज्ञ पॅनलने घरगुती वापरासाठी १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ च्या खाली नको असं म्हटलंय, ते ध्यानात ठेवा, आणि जी कंपनी टक्के मोठ्या अक्षरात छापते पण पीएच कुठेच सांगत नाही तिचं घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. दुबईच्या उन्हात सनस्क्रीनशिवाय तर ग्लायकोलिक नकोच.

व्हिटॅमिन सी, म्हणजे साधं एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड, त्वचेत शिरायला पीएच साडेतीनच्या खाली लागतो, म्हणून ती सीरम आंबट असतात आणि चुरचुरतात. अर्धा तास थांबायची गरज नाही, सुकलं की पुढचं लावा. व्हिटॅमिन सीबरोबर नियासिनामाइड (व्हिटॅमिन बी३ चा एक प्रकार) लावलं तर त्याचं नायसिन होऊन चेहरा लाल होतो असं जे फिरतं, त्या बदलाला उष्णता आणि बराच वेळ लागतो, चेहऱ्यावर ते होत नाही.

प्रश्न : ट्रायइथेनॉलअमाइन फ्री असं लिहिलेलंच घ्यावं का? (एक वाचक, ठाणे)

तेही पीएच जुळवायचंच द्रव्य, कार्बोमर दाट करायला आणि स्टिअरिक ॲसिड या फॅटी ॲसिडशी मिळून क्रीम बांधायला वापरतात. मुंबईचा अफगाण स्नो आठवत असेल, अशा स्नो प्रकारच्या क्रीम मुळात स्टिअरिक ॲसिडचा थोडासा भाग अल्कलीने साबण करूनच बनतात, ती मोत्यासारखी चमक त्यातली. शंका आहे ती नायट्रोसअमाइन या कॅन्सरशी जोडल्या जाणाऱ्या द्रव्यांची, काही ठरावीक नायट्रोजनवाल्या घटकांबरोबर ट्रायइथेनॉलअमाइन आलं तर ती तयार होऊ शकतात, म्हणून युरोपात लावून ठेवायच्या प्रॉडक्टला अडीच टक्क्यांची मर्यादा आणि शुद्धतेच्या अटी आहेत. चांगल्या कंपनीचं असेल तर घाबरू नका. नकोच असेल तर ट्रोमेथामाइन किंवा आर्जिनिन लिहिलेलं बघा, तेच काम करतात.

प्रश्न : घरी पीएच तपासायला लिटमसच्या पट्ट्या आणल्या, क्रीमवर लावल्या तर काहीच कळत नाही. (एक वाचक, लातूर)

लिटमस फक्त आम्ल की अल्कली एवढंच सांगतो, आकडा नाही. आकडे असलेल्या पट्ट्या मिळतात, पण त्याही क्रीममधल्या तेलाने ओल्या होत नाहीत आणि फसवतात. एक भाग क्रीम नऊ भाग डिस्टिल्ड वॉटरमध्ये घुसळून मग पट्टी बुडवा, अंदाज येईल, पण आकडा अर्धा अंक इकडेतिकडे असू शकतो हे धरून चला. नळाचं पाणी घेऊ नका, त्याचाच पीएच मोजाल. खरं माप मीटरनेच, आणि मीटर ४ आणि ७ पीएचच्या बफरशी (पीएच ठरलेला असलेल्या द्रावणाशी) जुळवून घेतल्याशिवाय वापरायचा नाही.

साबण की सिंडेट एवढंच बघायचं असेल तर हळद आहे घरात. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागला की लालभडक होतो ते सगळ्यांनी बघितलंय, हळदीतलं कर्क्युमिन पीएच आठच्या आसपास पिवळ्याचं लाल व्हायला लागतं. चिमूटभर हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदाला फासा, वाळू द्या, मग त्यावर एका बाजूला ओला साबण आणि दुसऱ्या बाजूला तुमचा फेसवॉश घासा. साबणाखाली कागद लाल होईल, फेसवॉश पाच-सहाचा असेल तर पिवळाच राहील. पण चार आणि सहातला फरक हळद दाखवत नाही, त्यामुळे आंबट सीरम यावर तपासू नका. त्यासाठी कंपनीच्या कस्टमर केअरला मेल टाका, बॅच नंबर द्या आणि सरळ विचारा, तयार प्रॉडक्टचा पीएच किती ते कितीच्या मधे ठेवता. हा आकडा प्रत्येक बॅचच्या कागदावर लिहिलेला असतो, सांगायला त्यांना काहीच अडचण नसते.